येतो म्हणून

शेजारच्या सुमनकाकूंचा दत्ता शांतिसेनेच्या तुकडीतून आफ्रिकेत गेला आणि तिथंच गोळी लागून मेला. पंचविशीही गाठली नव्हती त्यानं.

काल त्यांच्याकडून निघताना मी सवयीनं म्हणालो, "येतो, काकू."

तांदूळ निवडता निवडता, वर न बघता त्या म्हणाल्या, "जातो म्हण. येतो म्हणून गेलेला पेटीतून आला."

निघताना जातो म्हणू नये, हे लहानपणी मला आणि दत्ताला याच काकूंनी दटावून शिकवलं होतं. शब्दाला काय ठाऊक असतं? आपणच त्याच्या हाती माणूस सोपवतो आणि निर्धास्त होतो.

उंबऱ्यात थबकलो. जातो म्हणायला जीभ रेटेना, येतो म्हणायची सोय उरली नव्हती. शेवटी नुसत्या चपला घातल्या.