उंदरांचा बेंदूर

सत्तरच्या दशकात, एका बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या दिवशी, कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत छत्तीस पांढऱ्या उंदरांना पुरणपोळी घातली गेली. प्रयोगाचा तो एकविसावा दिवस होता. अठ्ठावीस पूर्ण व्हायचे होते.

साखर कारखान्याच्या मळीवर यीस्ट वाढवायचं, ते वाळवून उंदरांच्या खाण्यात मिसळायचं आणि त्यातल्या प्रथिनावर वजन किती वाढतं ते पाहायचं, असं माझं काम होतं. एका गटाला यीस्ट, दुसऱ्याला दुधातलं प्रथिन. तुलनेसाठी तिसऱ्या गटाला प्रथिन अजिबात नाही. त्या गटातले उंदीर वजनाने रोज उतरत होते. पाठीचे मणके बोटांना लागत.

उंदरांची देखभाल करणारे मामा पेठ वडगावचे, रोजंदारीवर होते. कायम करावं म्हणून त्यांनी दिलेला अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर होता.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या गटाची वजनं वाढलेली निघाली. मी तराजू तपासला, पुन्हा वजनं घेतली. मग मामांना विचारलं.

"पोळी घातली की काल."

"सगळ्यांना?"

"मग? बैलाला पोळी आन् ह्यास्नी न्हाय? बेंदराला कुणी आपलं जनावर उपाशी ठेवतंय व्हय, बाई? शिंगं न्हाईत म्हणून, न्हाईतर रंगवलीबी असती."

ते हसत होते.

नोंदवहीत कारणाचा रकाना होता. तराजूचा दोष, असं लिहिता आलं असतं. मी घडलं ते लिहिलं. प्रमुखांनी दुपारी वाचलं. प्रयोग रद्द झाला. मामांचा अर्ज नामंजूर होऊन परत आला आणि शनिवारनंतर येऊ नका, असं त्यांना सांगण्यात आलं.

उंदीरही शनिवारीच मारायचे होते. ईथरच्या बरणीत एकेक सोडायचा. पहिलाच माझ्या हाताला चावला.

"व्हा बाजूला, बाई," मामा म्हणाले. "तुमास्नी भ्यात्यात ती."

छत्तीसही त्यांनीच सोडले. एकही चावला नाही. मग पिंजरे धुऊन त्यांनी उन्हात पालथे घातले.

नव्या उंदरांवर प्रयोग पूर्ण झाला, प्रबंध मान्य झाला. मामा कबनूरला एका यंत्रमाग कारखान्यात लागल्याचं कळलं, तेव्हा मी तिथे गेले. दोन वर्षं काम करून ते तिथूनही सोडून गेले होते. पुढचा पत्ता कारखान्यात कुणाकडे नव्हता.