बाजेवरचा शेक

मोगलाईतली, निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय, मला दुसरं लेकरू झालं तवाची. मी बाजेवर, खाली शेगडीत निखारे, अंगाला तेल. बाईच्या जातीचे लाड व्हायचे ते एवढा सव्वा महिनाच.

आमचे मालक पिंगळीच्या टेसनावर मालगाडीत कापसाच्या गाठी चढवायला जायचे. एक गाठ घसरून छातीवर आली. घरी काय सांगितलं? "काई न्हाई, लागलं जरा." गावात तगडा गडी म्हणून नाव, कण्हावं तर कुठं तोंड लपवून कण्हावं? खोकला आला की बरगडी धरायचे, अन् कुणी बघितलं की तोच हात मिशीवर न्यायचे.

आठ दिवसांनी दुपारचे माझ्या खोलीच्या दारात आले. बाळंतिणीच्या खोलीकडं गडीमाणूस फिरकत नसतो. हळूच म्हणाले, "मला बी जरा शेक देतीस का? लय दुखायलंय."

त्या माणसानं आजवर माझ्याकडं असं काई मागितलं नव्हतं. अन् मला मेलीला चेष्टा सुचली! जाऊबाई तिथंच डिंकाचे लाडू वळायल्या व्हत्या. मी म्हणलं, "अगं बया! जाऊबाई, आणखी एक बाळंतीण आली बघा. ह्यांची बी बाज टाका!"

जाऊबाईंना हसू आवरंना. हे बी मोठ्यानं हसले, अन् बरगडी धरून निघून गेले. सांजच्याला गावभर झालं. पारावरची माणसं त्यांना विचारायला लागली, "पोरगा झाला का पोरगी?" माझ्या जिभेला काई हाड व्हतं का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी चारचौघांसमोर दोघांचं ओझं एकट्यानं उचललं. मग ताप चढला. परभणीच्या दवाखान्यात न्यायला दिरांनी बैलगाडी जुंपली, तर म्हणाले, "बाईसारखा पडून जाऊ का? चालत येतो." उंबऱ्यातच खाली बसले.

मी सोयर-विटाळ काई बघितला न्हाई. माझ्याच बाजेवर त्यांना निजवलं, फडकं तापवलं अन् छातीवर ठेवायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. दारात आयाबाया जमल्या व्हत्या, ह्यांची नजर तिकडं.

"सरक," म्हणाले. "बाया हसतील."

कुणी हसत नव्हतं हो! मी रडून सांगितलं, "अहो, कुणी हसत न्हाई, घ्या ना शेक." त्यांनी मनगट सोडलं न्हाई. जीव जाईपर्यंत ते फडकं छातीला लागू दिलं न्हाई.