अण्णांचा मिस्ड कॉल

आज कॉलेजात 'पिंग' शिकवलं. एक संगणक दुसऱ्याला इवलासा संदेश पाठवून विचारतो, आहेस का? दुसरा कळवतो, आहे. बस, एवढंच.

शिकवता शिकवता मन धरणाकाठच्या माझ्या गावी, माकणीला गेलं. तिथं एकटे राहणारे माझे वडील, अण्णा, रोज मला मिस्ड कॉल देतात. मी न उचलता उलट मिस्ड कॉल देते. म्हणजे दोघंही ठीक.

आज दुपारी तंद्रीत मी फोन उचलला.

"काय झालं गं? उचललास कशाला?" अण्णा घाबरले होते.

"काही न्हाय. तुम्ही काय करताय?"

"धरणाचं पाणी बघत बसलोय. लई निळं दिसतंय आज."

मग त्यांनी बराच वेळ फोन ठेवलाच नाही.

तुम्हीही कुणाची अशी नुसती हजेरी घेता का?