मावशीचे जड पाय

कर्णबधिर आणि अंध मुलींच्या त्या सरकारी शाळेत, पाचवीपासून आठवीपर्यंतच्या सगळ्या पोरी फक्त एका माणसाला टरकून असायच्या. मुख्याध्यापिकेला नव्हे, मावशीला. मावशी वसतिगृह सांभाळायची. अंगाने भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तिचा चेहरा पुरायचा आणि ज्यांना दिसत नाही त्यांना आवाज.

कुलूप लावायची तिची एक पद्धत होती. दारात उभं राहून दिवा दोनदा चालू-बंद करायचा आणि खणखणीत हाक मारायची. दिवा ऐकू न येणाऱ्यांसाठी, हाक न दिसणाऱ्यांसाठी. इतक्या वर्षांत एकही पोर कधी कोंडली गेली नव्हती आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

तिचं खरं वैर होतं रेडिओ आणि चिमणीशी. रेडिओला दिसत नव्हतं आणि तिचं तोंड मिटत नव्हतं, म्हणून ती रेडिओ. चिमणीला ऐकू येत नव्हतं. दोघी तळहातावर बोटांनी लिहून तासन्‌तास गप्पा मारायच्या. पण लांबून बोलवायचं असलं की रेडिओ जुन्या इमारतीच्या लाकडी जमिनीवर पाय आपटायची. ठप-ठप, ठप. चिमणीला ते पायांच्या तळव्यांतून कळायचं आणि ती तसंच उत्तर द्यायची. खालच्या खोल्यांत छताची माती गळायची.

"घोड्या आहात का गं?" मावशी रेडिओवर ओरडायची. चिमणीसाठी डोक्यावर दोन बोटांचे कान उभारायची आणि मुठींनी हवेत टापा मारायची. पाय आपटायला तिने सक्त बंदी घातली होती. पोरी अर्थातच जुमानत नव्हत्या.

त्या दिवशी जुन्या इमारतीत वाळवीचं औषध मारायचं होतं. सगळ्या पोरींना नव्या इमारतीत हलवलं होतं. औषधवाला सकाळपासून घाई करत होता. मावशीने वरच्या मजल्यावरच्या खोल्या एकेक करत बंद केल्या. औषधवाल्याने फटींवर चिकटपट्ट्या लावल्या आणि कडेच्या खोलीपासून एकेका किल्लीच्या भोकातून विषारी धूर आत सोडायला सुरुवात केली. मावशी खाली उतरून नव्या इमारतीत जेवणाच्या ताटांकडे बघत उभी राहिली.

"मावशी, चिमणी अजून आली नाही," रेडिओ म्हणाली.

"कुठून?"

"माझी काठी शोधायला गेलीय. कुठे राहिली मला आठवेना, म्हणून ती म्हणाली सगळीकडे बघून येते. जुन्या इमारतीत."

 मावशी मनातल्या मनात पुन्हा एकेका दारात उभी राहिली. औषधवाल्याने मुख्य बटण आधीच बंद केलं होतं. वीज नव्हती, म्हणून दिवा लावला नाही. नुसती हाक मारली. 'आहे का कुणी आत?' उत्तर आलं नाही. उत्तर येणार कुठून! या शाळेत केस पिकले आणि आपण एका ऐकू न येणाऱ्या पोरीला हाक मारून दार लावून घेतलं.

रेडिओचा हात धरून ती धावत सुटली. जिन्यापाशी दोघींनी नाकातोंडावर ओले रुमाल बांधले. वरच्या बोळात औषधवाल्याचा बॅटरीवरचा पंप घरघरत होता.

"बंद कर ते!" मावशी किंचाळली. "पोर आहे आत!"

औषधवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पंप बंद केला. "कुठल्या खोलीत?"

"माहीत नाही. सगळी दारं उघड."

"सगळी कशी उघडू? निम्म्या खोल्या धुराने भरल्यात. तो धूर बोळात आला तर आपण तिघंही इथेच पडू. खोली सांगा, मी मास्क लावून जातो."

मावशीच्या हातातल्या किल्ल्या वाजायला लागल्या.  रेडिओने त्या चाचपून मुठीत दाबून धरल्या.

"कुणी बोलू नका," ती म्हणाली. मग तिने पाय आपटले. ठप-ठप, ठप. लगेच खाली वाकून तिने जमिनीला कान लावला.

काही नाही.

ती पुढे सरकली, पुन्हा आपटले, पुन्हा कान लावला. चेहरा रडवेला झाला. "माझे पाय हलके आहेत, मावशी. पोचतच नाहीये तिला. तुम्ही आपटा."

मावशीने चपला भिरकावल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पाय आपटले. ठप-ठप, ठप. खिडक्यांची तावदानं थरथरली. पुन्हा. पुन्हा. गुडघ्यातून कळ गेली. ऐक गं बाई, ती मनात म्हणत होती, एवढं एकदा ऐक.

जमिनीला कान लावलेल्या रेडिओने एकदम हात वर केला.

"पुस्तकांची खोली!"

त्याच दाराच्या किल्लीच्या भोकात पंपाची नळी नुकतीच बसवलेली होती. औषधवाल्याने ती उपटली, पट्ट्या ओरबाडल्या. मावशीने कुलूप काढलं आणि त्याच्या मास्कची वाट न बघता ती स्वतःच आत घुसली. मागच्या कपाटांच्या आड, खिडकीच्या गजांना चिकटून चिमणी उभी होती. डोळ्यांतून पाणी, खोकून खोकून बेजार, काखेत रेडिओची पांढरी काठी. मावशीने तिला उचललं ते थेट अंगणात आणून ठेवलं.

मुख्याध्यापिका बाई धावत आल्या आणि औषधवाल्यावरच घसरल्या. "आत कुणी आहे का ते बघता येत नाही तुम्हाला?"

तो मान खाली घालून उभा राहिला. मावशीकडे त्याने बोट दाखवलं नाही.

"त्याला नका बोलू," मावशी म्हणाली. "खोल्या रिकाम्या आहेत असं मी सांगितलं. मी नुसती हाक मारली होती, बाई." 

डॉक्टर तपासून गेले, खोकला थांबला, तेव्हा कुठे मावशीचा जीव भांड्यात पडला. चिमणी रेडिओच्या तळहातावर भराभरा काहीतरी लिहीत होती.

"ती विचारतेय," रेडिओ म्हणाली, "माझे पाय तिला ओळखू येतात. पण आजचे ते जड पाय कुणाचे होते?"

मावशीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

चिमणी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावर दोन बोटांचे कान उभारले आणि दोन्ही मुठींनी हवेत टापा मारल्या.