चौथी स्कार्वा

एडविन थ्वेट चहाच्या कपावर बशी झाकून ठेवायचे. वरून काठी ठोकल्याचा आवाज आला की हातातली कानस हलकेच खाली ठेवायचे. घराबाहेर पडताना दार ओढून घ्यायचे, मग पुन्हा उघडून जिन्याकडे कान द्यायचे. हेल्मार्कबद्दल बोलताना 'आमचं नौदल' म्हणायचे.

हेल्मार्क नावाचा देश नाही. तो त्यांनी शाळेत असताना रचला. त्याच्या स्कार्वा वर्गातल्या हलक्या क्रूझर ते इंग्लंडमधल्या बॅरो गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात लाकडातून कोरत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या नौका, तहाने सहा हजार टनांची मर्यादा घातलेल्या. तहही त्यांचाच. मी त्यांच्या गल्लीतलाच, नौका बघायला जायचो. चिलखत जरा जाड करा, मी एकदा सुचवलं.

"मग तोफा कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

काठी हिल्डाची, त्यांच्या थोरल्या बहिणीची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी दुकानातली नोकरी सोडली. त्यानंतर ते वाण्याच्या पलीकडे फारसे गेले नाहीत.

पहिल्या तीन नौका पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेल्या होत्या. टेबलावर मांडायच्या तर तशाच करतात. पाण्यात सोडल्या तर कलंडतील. चौथीला मात्र त्यांनी तळ दिला, आतून पोकळ केली. गावच्या सार्वजनिक बागेतल्या तळ्यात सोडायची होती. मी शेजारच्या बाईंना रविवारी हिल्डाजवळ बसायला विचारून ठेवलं.

"जा की, अ‍ॅडमिरल," हिल्डा म्हणाली. "मी काय पळून जाणार आहे?"

त्या रविवारी तिला खोकला झाला. पुढच्या रविवारी तो बरा होता, पण ते म्हणाले, परत उलटला तर? मी पुन्हा विचारलं नाही. मग एके दिवशी त्यांनी स्वतःच म्हटलं, या रविवारी नक्की.

शुक्रवारी ते तिचा ट्रे घेऊन जिन्यात कोसळले. हृदय. हिल्डा बराच वेळ काठी ठोकत राहिली.

दफनानंतर तिने मला ती चौथी नौका वर आणायला सांगितली. मी ती पांघरुणावर ठेवली. तिने तळावरून बोट फिरवलं.

"तळ्यावर नेशील?"

मी नौका उलटी केली. नौका ढकलणाऱ्या मागच्या चार पंख्यांपैकी दोनच बसवलेले होते. उरलेल्या दोघांच्या दांड्यांची भोकं उघडी होती, पाणी सरळ आत जाईल अशी.

"अजून नाही," मी म्हटलं.

उरलेले दोन पंखे खाली टेबलावर होते, त्यांच्या कपावरच्या बशीत.