नारायण मेंबरचा नळ

दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्यांचं एक बरं असतं. गिऱ्हाईक सामान उचलून नेतं, किस्सा मात्र इथंच ठेवून जातं. माझं दुकान दोर-बादल्यांचं. शाळा चौथीतच सुटली, पुढचं शिक्षण या ओट्यानंच केलं. इतक्या वर्षांत माल किती आला-गेला ते विसरलो, पण किस्से काही दुकानाबाहेर जायला तयार नाहीत. त्यातले निम्मे एकट्या नारायण मेंबरचे!

नारायण आमच्या वार्डातून कमिटीवर निवडून आला. नवं स्वराज्य होतं, साऱ्यांना मत मिळालं होतं, आणि उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं! म्युनिसिपल कमिटीचं ऑफिस गावाच्या त्या टोकाला, म्हणून मेंबरनं आपलं ऑफिस माझ्या ओट्यावर थाटलं. वार्डाचं मागणं एकच, सरकारी नळ. बाकीच्या गावात नळ आले होते. आमची विहीर होळी झाली की तळ दाखवायची आणि बाया डोक्यावर घागरी घेऊन गावाबाहेर, मळ्यातल्या विहिरीवर जायच्या.

शेजारी गफूरभाई कल्हईवाले. एकदा भर गर्दीत मला म्हणाले, "शेठ, नळ आला त तुमचा दोर कोन घेईन? तुमी त मेंबरले मनातून शिव्याच देऊन राह्यले असान!"

मी म्हटलं, "भाई, नळाले दोर नाई लागत, पन बादली त लागते! आन् पानी दारात आलं की घरोघरी एकीच्या दोन लागतीन!"

त्या दिवसापासून नळाच्या बाजूनं वार्डात सगळ्यांत मोठा आवाज माझा!

* * *

नळाची खरी निकड मात्र खुद्द मेंबरलाच लागली. त्याचं असं झालं.

उन्हाळ्यातली दुपार. मेंबर ओट्यावर चार लोकांना नळ कुठून येणार, पाइप कसा टाकणार ते हात फिरवून समजावत होता. तेवढ्यात त्याची बायको, कौसल्यावहिनी, मळ्यातून भरलेली घागर डोक्यावर घेऊन आल्या. तिथंच थांबल्या. घागर उतरवली नाही.

"समजावून झालं का?"

"कायचं?"

"नळाचं. लोकाइले समजावलं, आता मले समजवा. मी कवापासून पानी वाहून राह्यली?"

मेंबरचे फिरणारे हात खाली आले.

"मी चालली जऊळक्याले, मायकडे. नळ आला की सांगावा धाडा. त्याच्या आंदी बोलवाले येऊ नोका!"

दुपारच्या गाडीनं लेकराला घेऊन गेल्यासुद्धा. मेंबर हसला. म्हणाला, "जाते कुठं शेठ! आठवड्यात येईन पाहा."

आखाजी गेली. पोळा आला. बैलांना गोडधोड मिळालं, मेंबर आपल्या हातच्या भाकरीचा तुकडा चघळत ओट्यावर बसला होता.

"शेठ, नळ आनलाच पायजे. विरोधी पार्टी परवडली, पन ही भाकर नाई!"

* * *

घरात बाई नाही म्हटल्यावर पाण्याला मेंबरलाच जावं लागायचं. पहिल्या दिवशी हा घागर घेऊन थेट मळ्यातल्या विहिरीच्या काठाशी गेला. आमच्या वार्डाच्या चंद्रभागाकाकू तिथं होत्या. काकूंचा आवाज असा की विहिरीवरून बोलल्या तर माझ्या दुकानात ऐकू येई.

"ओ मेंबर! मेंबर असान तुमी कमिटीत. इथं नंबर हाये. मांगं व्हा!"

मेंबर मुकाट्यानं शेवटी उभा राहिला. त्याचा नंबर येईपर्यंत बायांनी सगळा वार्ड त्याच्यासमोर मांडला. कोणाच्या दारात नाली तुंबली, कुठला दिवा पेटत नाही, दवाखान्यातला कंपाउंडर कधी येतो आणि कधी नुसताच टोपी ठेवून जातो. मेंबर रोज ऐकायचा आणि रोज कमिटीत जाऊन भांडायचा. महिनाभरात वार्डाच्या नाल्या वाहायला लागल्या.

काकू माझ्या दुकानी पोहरा घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "कौसल्या गेली ते लय बरं झालं बाप्पा. मेंबर त सापडला!"

* * *

त्याच वर्षीच्या आषाढातली गोष्ट. कमिटीचे रस्त्यावरचे दिवे घासलेटचे. शुक्लपक्षात ते लावायचेच नाहीत असा नियम. चांदणं असताना तेल कशाला जाळायचं! दिवे कधी लावायचे ते पंचांग पाहून ठरे. आता आषाढातला चंद्र म्हणजे पंचांगात झळझळीत आणि वर काळंकुट्ट आभाळ. एकादशीच्या संध्याकाळी गफूरभाई मशिदीतून येताना नालीत पडले. पायाला पट्टी बांधून ओट्यावर आले.

मेंबर त्यांना घेऊनच कमिटीच्या मीटिंगला गेला. कमिटीच्या साहेबांनी पंचांग उघडून दाखवलं, "नियमाप्रमाणे एकादशीला चंद्र आहे."

मेंबर म्हणाला, "साहेब, चंद्र कमिटीच्या नोकरीत हाये का?"

"म्हणजे?"

"असन त काल तो कामावर नव्हता. गैरहजेरी लावा! आन् तो येत नाई तवर बदली कंदील द्या!"

सगळी मीटिंग हसली, साहेबही हसले. पावसाळ्यात रोज दिवे लावायचं ठरलं. गफूरभाई आजही सांगतात, "वार्डात उजेड माझ्या पायानं आला!"

* * *

नळाचा अर्ज वर राजधानीला, नागपूरला गेला होता. आज मंजुरी येते, उद्या येते, असं करता करता दिवाळी आली आणि त्याच सुमारास आमचा मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. अर्ज परत आला. आता मुंबईला पाठवा!

मेंबर ओट्यावर डोकं धरून बसला. "शेठ, आमी जागचे हाललो नाई, इहीर जागची हालली नाई. राजधानीच पळाली!"

काकूंना मुंबई म्हणजे काय ते मी सांगितलं. समुद्राच्या काठी आहे म्हटल्यावर त्या खूश झाल्या. "बरं हाये मंग. त्याइच्याकडे पानी भलकसं हाये, देतीन!"

आणि खरंच, संक्रांतीनंतर मंजुरी आली.

* * *

मंजुरीपाठोपाठ जागा पाहायला ओव्हरसियर आला. नळ कुठं बसायचा हे याच्या हातात, असा वार्डात बोभाटा. मग काय! ज्याच्या दारावरून तो टेप धरून जाई, तो त्याला आत बोलावून चहा पाजी. कोणाला नळ आपल्या दारात हवा, कोणाला गल्लीत हवा पण दारात नको. चहाला नाही म्हणायची सोय नाही, सारे मेंबरचे मतदार! दुपारपर्यंत ओव्हरसियरनं टेप गुंडाळला आणि मेंबरच्या कानाशी लागला.

"मेंबरसाहेब, नळाचं मागून पाहू. तुमच्या वार्डात मुतारी कुठं आहे?"

मेंबरनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "साहेब, त्याचा अर्ज आमी नळानंतर देनार होतो!"

* * *

अखेर जागा सापडली. पाण्याला जोर कमी, वरच्या गल्लीत ते चढणार नाही. सखल अशी एकच जागा, चौकातली, बापूसाहेबांच्या भिंतीला लागून. बापूसाहेब म्हणजे जिनिंगचे मालक, गावातलं मोठं प्रस्थ. जागा सरकारी होती, पण फाटकाजवळ बायांचा कालवा आणि चिखल त्यांना नको होता. तसं ते तोंडानं बोलले नाहीत.

मेंबरनं आनंदाच्या भरात जऊळक्याला सांगावा धाडला, अमक्या दिवशी खोदकाम आहे. वहिनींचं उत्तर नाही.

त्या दिवशी सकाळी सारा वार्ड चौकात. मजूर कुदळी घेऊन आले आणि थबकले. जिथं खोदायचं तिथं शेंदूर फासलेला एक दगड! वर फुलं, पुढं उदबत्ती. बाजूला बापूसाहेब हात जोडून उभे.

"पहाटे दृष्टांत झाला मला. जागृत देव आहे. आता इथं कुदळ मारणं म्हणजे पाप!"

मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. "आमी नाई हात लावत, बुवा."

ओव्हरसियर मेंबरला म्हणाला, "दुसरी जागा तुमच्या वार्डात नाही. इथं खोदता आलं नाही तर नळ पलीकडच्या वार्डाला जाईल. माझा इलाज नाही."

मेंबरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच वेळी त्याची नजर गर्दीच्या कडेला गेली. कौसल्यावहिनी! सकाळच्या गाडीतून उतरून थेट चौकात आल्या होत्या. कडेवर लेकरू, हातात गाठोडं. मेंबरनं मान खाली घातली.

वहिनींनी लेकरू आणि गाठोडं काकूंजवळ दिलं, डोक्यावर पदर घेतला आणि दगडाच्या पाया पडल्या. मग बापूसाहेबांकडे वळून मोठ्या अदबीनं विचारलं, "बापूसाहेब, दृष्टांत तुमालेच झाला न?"

"खुद्द मलाच!"

"आनखी कोनाले नाई?"

"दुसऱ्या कोणाला कसा होईल!"

"मंग सेवाबी तुमचीच. ज्याच्या सपनात देव येते, त्यानंच देवाले पानी घालावं लागते. रोज उजाडाच्या आंदी, ओलेत्यानं, अनवानी. गड्याच्या हातचं पानी चालत नाई."

"आन् शिळंबी चालत नाई, माय," काकू म्हणाल्या. "इहिरीचं ताजंच पायजे. आता गावातली इहीर त आटली, मळ्यातल्या इहिरीवर जा लागन बापूसाहेबाइले."

साऱ्या बायांनी हात जोडले. एकीनं आपली घागर पुढं केली. मीही दुकानातून नवा दोर आणून बापूसाहेबांच्या पायाशी ठेवला. देवाचं काम, पैसे कसे घ्यायचे!

बापूसाहेबांनी दोराकडे पाहिलं. घागरीकडे पाहिलं. मळ्याच्या वाटेकडे बराच वेळ पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले,

"ओव्हरसियर, देवाच्या उजव्या हाताला थोडी जागा दिसते. नळ तिथं बसतो का, पाहा बरं!"