भरलेली टाकी

ऑफिसच्या सर्व्हरवरच्या एका फोल्डरचं नाव मी बदललं. 'नवीन' हे नाव मला बघवेना, म्हणून 'पाणीपुरवठा' असं रीतसर बारसं केलं. आमच्या नगरपालिकेत पंप कधी लावायचा हे माझ्या एक्सेल शीटवरून ठरतं. टाकीची पातळी त्या शीटमध्ये डेटाबेसमधून, माहिती ओढून आणणाऱ्या एका क्वेरीमार्फत येते, आणि तो डेटाबेस याच फोल्डरात होता, हे मी साफ विसरलो.

लिंक तुटली, पण शीटनं हूं की चूं केलं नाही. शेवटचा मिळालेला आकडा, ऐंशी टक्के, ती तशीच टवटवीतपणे दाखवत राहिली. म्हणून मी पंप लावायला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बायकोचा फोन आला. "नळाला थेंब नाही."

"शक्यच नाही. टाकी भरलेली आहे," मी म्हणालो.

मग मात्र शंका आली. क्वेरीला फोल्डरचा नवा पत्ता दिला आणि रिफ्रेश केलं. ऐंशीचे चार झाले. शीटचंच काय, माझंही तसंच. एका जुन्या मित्राला कारलं आवडत नाही, असं मी अजून ठामपणे सांगतो. कित्येक वर्षांत आमचं बोलणं नाही. एव्हाना तो आवडीनं खातही असेल. मनातली ती जागा कोरी दिसली असती, तर निदान एक फोन केला असता.

पंप लावायला सांगून मी घरी फोन केला. "तासाभरात पाणी येईल."

"आणि मघाशी भरलेली होती ती टाकी?"

"ती शीटमध्ये होती."

"मग शीटखालीच बादली लावा, आणि आंघोळ उरकूनच घरी या."